पाण्याखालील छायाचित्रणात फ्लॅशचा वापर : एक ऐतिहासिक अभ्यास (१८९३ ते १९५६)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाचित्र हे विज्ञानातील पुराव्याचे मान्यताप्राप्त साधन बनले. चंद्राचा पृष्ठभाग, सूक्ष्मदर्शकाखालील जीव, धावत्या घोड्याचे पाय अशा नुसत्या डोळ्यांना नीट न दिसणाऱ्या गोष्टी छायाचित्रामुळे अभ्यासकाच्या टेबलावर आल्या. समुद्राचा अंतर्भाग मात्र दीर्घकाळ या कक्षेबाहेर राहिला. इंग्लंडमधील वेमथ उपसागरात १८५६ साली विल्यम थॉम्पसन या निसर्गाभ्यासकांनी कॅमेरा एका पेटीत बंद करून सुमारे १८ फूट खोल पाण्यात सोडला. पेटीत पाणी शिरले, तरीही काचेवर समुद्रतळाची पुसट प्रतिमा उमटली. पुलांचे आणि धक्क्यांचे पाण्याखालील पाये तपासण्यास ही युक्ती उपयोगी पडेल, अशी त्यांची कल्पना होती. तथापि त्यानंतरच्या सुमारे चार दशकांत या क्षेत्रात फारशी प्रगती झाली नाही.

या खंडाची कारणे दोन होती. कॅमेऱ्यात पाणी शिरू न देणे ही पहिली अडचण. ती धातूची पेटी, रबर आणि कुशल कारागीर यांच्या साहाय्याने सुटण्याजोगी होती. दुसरी अडचण प्रकाशाची होती आणि ती अधिक मूलभूत होती. सूर्यप्रकाश पाण्यात शिरताच क्षीण होतो, त्याचे रंग गळून पडतात आणि काही अंतरानंतर तो संपतो. म्हणून प्रकाश सोबत नेणे भाग होते. पण त्या काळी क्षणिक व प्रखर प्रकाश देणारे प्रत्येक साधन ज्वलनावर आधारलेले होते आणि ज्वलनाला प्राणवायू लागतो. पाणबुड्या माणसाप्रमाणे त्याच्या दिव्यालाही पाण्याखाली श्वास घेण्याची सोय हवी होती.

पाण्याखालील फ्लॅशचा इतिहास बहुधा उपकरणांच्या यादीच्या स्वरूपात सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो एका प्रश्नाभोवती मांडला आहे. दिव्याला हवा कोठून मिळाली, या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली आणि प्रत्येक उत्तरानुसार समुद्राचे निराळे चित्र जगासमोर आले, असे येथील प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे

१) पाण्याखालील फ्लॅशच्या विकासातील प्रमुख टप्प्यांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) प्रत्येक टप्प्यावर कोणती भौतिक अडचण दूर झाली आणि कोणती शिल्लक राहिली, हे स्पष्ट करणे.
३) फ्लॅशच्या प्रकाशात घेतलेले छायाचित्र वैज्ञानिक पुरावा म्हणून कितपत आणि कोणत्या अर्थाने ग्राह्य आहे, याचा विचार करणे.

पाणी आणि प्रकाश

पुढील विवेचन समजण्यासाठी पाण्यातील प्रकाशाचे तीन गुणधर्म लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिला गुणधर्म रंगांच्या शोषणाचा. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. निवळशंख समुद्रातही पाच ते दहा मीटर खोलीवर तांबड्या रंगाचा बहुतांश भाग नाहीसा होतो. त्यापाठोपाठ नारिंगी व पिवळा रंग जातो आणि शेवटी निळा-हिरवा तेवढा उरतो. दुसरा गुणधर्म विखुरण्याचा. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण प्रकाश चहूकडे फेकतात, त्यामुळे दूरची वस्तू धुक्यात असल्यासारखी दिसते. दिवा भिंगाच्या अगदी शेजारी असेल तर हेच कण उजळून निघतात आणि चित्रावर पांढरे ठिपके उमटतात. रात्री धुक्यात मोटारीचे मोठे दिवे लावले असता समोर पांढरा पडदा उभा राहतो, तसाच हा प्रकार आहे. तिसरा गुणधर्म अंतराचा. फ्लॅशचा प्रकाश दिव्यापासून वस्तूपर्यंत आणि वस्तूपासून भिंगापर्यंत असा दुहेरी प्रवास पाण्यातून करतो. म्हणजे एक मीटर अंतरावरील माशाचे चित्र घेताना प्रकाशाला जवळजवळ दोन मीटर पाणी ओलांडावे लागते.

यावरून असे दिसते की, पाण्याखाली प्रखर दिवा नेला म्हणजे प्रश्न सुटला, असे होत नाही. दिव्याची जागा, वस्तूचे अंतर आणि पाण्याची स्वच्छता या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. हे ज्ञान प्रयोगांतून आणि अपयशांतून हळूहळू संचित झाले.

पिंपातील हवा : लुई बूतां यांचे प्रयोग

फ्लॅशसाठी लागणारे द्रव्य एकोणिसाव्या शतकात उपलब्ध झाले होते. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये मॅग्नेशियमचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि त्याची फीत जाळून अंधाऱ्या जागी छायाचित्रे घेण्यात येऊ लागली. १८८७ मध्ये जर्मनीतील आडोल्फ मिथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेटसारखे प्राणवायू पुरविणारे द्रव्य मिसळून क्षणात भडकणारे मिश्रण तयार केले. जेकब रीस यांनी न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्यांतील अंधारकोठड्या याच तऱ्हेच्या प्रकाशात चित्रित केल्या व तेथील दैन्य नागरिकांपुढे मांडले. जे नजरेआड आहे ते प्रकाशात आणून पुरावा म्हणून सादर करणे, हे फ्लॅशचे कार्य अशा रीतीने जमिनीवर आधीच ठरून गेले होते.

समुद्राखाली हे कार्य लुई बूतां (१८५९–१९३४) या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी आरंभिले. भूमध्य समुद्राच्या काठी बान्यूल्स-सुर-मेर येथे आंरी द लाकाझ-द्युतिए यांनी स्थापिलेल्या आरागो प्रयोगशाळेत ते संशोधन करीत होते. पाणबुड्याचा जड पोशाख व शिरस्त्राण घालून ते स्वतः समुद्रतळावर उतरत. तेथील दृश्य वर आल्यावर शब्दांत सांगणे अपुरे पडते, या जाणिवेतून ते छायाचित्रणाकडे वळले. त्यांचे बंधू ऑग्युस्त बूतां हे अभियंता होते. त्यांनी कॅमेऱ्यासाठी पाणी शिरणार नाही अशी धातूची पेटी रचली. बाहेरील दाब वाढला की आतील हवेचाही दाब वाढावा यासाठी पेटीला हवेने भरलेला रबरी फुगा जोडलेला होता. १८९३ मध्ये या साधनाने चित्रे घेण्यात आली.

सूर्यप्रकाशात घेतलेल्या या चित्रांना लागणारा वेळ मात्र फार होता. काही प्रसंगी अर्धा तासपर्यंत भिंग उघडे ठेवावे लागे. एवढ्या वेळात खडक आणि त्यावर चिकटलेले जीव तेवढे काचेवर उमटत. समोरून गेलेल्या माशाचा मागमूसही राहत नसे. प्राणिशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही मोठीच उणीव होती, कारण ज्या समुद्रात प्राणी हलत नाहीत असा समुद्र त्याला दाखवावयाचा नव्हता.

या अडचणीवर बूतां यांनी शोफूर नावाच्या विद्युत अभियंत्यांच्या साहाय्याने उपाय शोधला. पहिल्या प्रयत्नात प्राणवायूने भरलेल्या काचेच्या बंद भांड्यात मॅग्नेशियमची फीत ठेवून ती विजेच्या प्रवाहाने पेटविण्यात आली. कल्पना उत्तम होती, पण फीत एकसारखी जळत नसे, आतील पांढऱ्या धुराने प्रकाश अडे आणि उष्णतेने भांडे फुटण्याचाही धोका होता. तेव्हा हा मार्ग सोडून दुसरे साधन तयार करण्यात आले. सुमारे २०० लिटर मापाचे लाकडी पिंप घेऊन त्यात प्राणवायूचे प्रमाण वाढविलेली हवा भरण्यात आली. पिंपाच्या माथ्यावर काचेची हंडी बसविली आणि तिच्यात स्पिरिटचा दिवा तेवत ठेवला. रबरी फुगा दाबला की मॅग्नेशियमची भुकटी दिव्याच्या ज्योतीवर उडे आणि लखकन प्रकाश पडे. हवेने भरलेले पिंप पाण्यावर तरंगू पाहते, म्हणून त्याला शिशाची जड वजने बांधून तळाशी नेले जाई.

या साधनाचे वर्णन आज काहीसे विनोदी वाटते. परंतु त्यामागील विचार सुसंगत होता. दिव्याला हवा हवी, म्हणून हवेचा साठाच त्याच्याबरोबर खाली पाठविण्यात आला. त्या काळच्या छायाचित्रण-काचा प्रामुख्याने निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या आणि मॅग्नेशियमच्या प्रकाशात निळा भाग विपुल असतो, हेही पथ्यावर पडले. मात्र भुकटीचे प्रमाण हाताच्या दाबावर अवलंबून असे आणि एवढे अवजड पिंप समुद्रात इकडून तिकडे नेणे सोपे नव्हते. बूतां यांनी पुढे फ्लॅशचा नाद सोडला. १८९९ मध्ये त्यांनी जहाजावरील विजेने चालणारे दोन आर्क दिवे पाण्यात सोडून सुमारे ५० मीटर खोलीवर चित्रे घेतली आणि १९०० साली आपल्या सर्व कार्याचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आर्क दिव्याचा प्रकाश विजेच्या तारेवर अवलंबून असल्याने त्याला पिंपाची गरज नव्हती. खोलीचा प्रश्न सोडविण्याचा मार्ग विजेतून जातो, हे यातून प्रथम सूचित झाले.

तराफ्यावरील स्फोट : ड्राय टॉर्टुगास, १९२६

बूतां यांच्यानंतर तीन दशकांनी फ्लॅशचा पाण्याखालील छायाचित्रणाशी पुन्हा संबंध आला, तो रंगांच्या निमित्ताने. ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये बाजारात आणलेल्या ऑटोक्रोम काचांमुळे रंगीत छायाचित्रण सर्वसामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्यात आले होते. बटाट्याच्या पिठाचे नारिंगी, हिरव्या व जांभळ्या रंगांत रंगविलेले सूक्ष्म कण काचेवर पसरून या काचा तयार करीत. त्यांना प्रकाश मात्र फार लागे. उन्हात उभ्या असलेल्या माणसाचे चित्र घेतानाही त्याला काही काळ निश्चल राहावे लागे. पाण्याखाली पोहणाऱ्या माशाकडून अशी अपेक्षा करता येत नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दक्षिणेस असलेल्या ड्राय टॉर्टुगास या प्रवाळ बेटांवर कार्नेगी संस्थेची सागरी प्रयोगशाळा होती. बाल्टिमोर येथील गाऊचर महाविद्यालयाचे प्राध्यापक विल्यम लाँग्ली हे तेथे अनेक वर्षे प्रवाळभित्तीवरील माशांचे रंग आणि त्यांचा परिसराशी असलेला संबंध यांचा अभ्यास करीत होते. रंग हाच अभ्यासविषय असल्याने कृष्णधवल चित्र त्यांना पुरेसे नव्हते. १९२६ मध्ये नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या छायाचित्र प्रयोगशाळेतील चार्ल्स मार्टिन त्यांच्या साहाय्यास आले.

या दोघांनी हवेचा प्रश्न अगदी वेगळ्या रीतीने सोडविला. दिवा खाली नेण्याऐवजी त्यांनी तो पाण्याच्या पृष्ठभागावर, मोकळ्या हवेतच ठेवला. मॅग्नेशियमची भुकटी व प्रकाश परावर्तित करणारा पृष्ठभाग एका तराफ्यावर बसविलेला होता. खाली पाणबुड्याने कॅमेऱ्याची कळ दाबली की विजेच्या तारेमार्फत वरील भुकटी पेटे आणि तिचा लोळ पाण्यावरून खालच्या दृश्यावर प्रकाश टाकी. एका चित्रासाठी सुमारे एक पौंड भुकटी लागे. हवेतील फ्लॅशसाठी लागणाऱ्या मात्रेच्या मानाने हे प्रमाण अवाढव्य होते. त्याच्या बळावर उद्भासनाचा काळ सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागापर्यंत खाली आला आणि ऑटोक्रोम काचेवर पोहता मासा रंगांसह उमटला.

याची किंमतही मोजावी लागली. अवघी एक औंस भुकटी अवेळी पेटल्याने लाँग्ली गंभीर भाजले आणि त्यांना सहा दिवस काम थांबवावे लागले. एका औंसाचा हा परिणाम पाहता, सोळापट भुकटी घेऊन तराफ्यावर वावरणाऱ्यांनी पत्करलेल्या जोखमीची कल्पना येते. नॅशनल जिओग्राफिक मासिकाच्या जानेवारी १९२७ च्या अंकात ही चित्रे प्रसिद्ध झाली. पाण्याखाली घेतलेली पहिली रंगीत छायाचित्रे म्हणून ती ओळखली जातात.

मोकळ्या हवेतील या उपायाची मर्यादा त्याच्या रचनेतच होती. वरचा प्रकाश खालच्या वस्तूपर्यंत पाण्यातूनच जावा लागतो, त्यामुळे उथळ पाण्यापलीकडे रंग टिकणे शक्य नव्हते. शिवाय प्रत्येक चित्रासाठी एक स्फोट घडवायचा तर आसपासचे जीवन विचलित न होता चित्रित करणे दुरापास्त होते. रंग मिळाला, पण खोली मिळाली नाही.

काचेत कोंडलेला प्राणवायू : फ्लॅश बल्ब

१९२९ मध्ये जर्मनीत योहानेस ऑस्टरमायर यांचा फ्लॅश बल्ब बाजारात आला. प्राणवायूने भरलेल्या काचेच्या बंद फुग्यात धातूचा अतिशय पातळ वर्ख ठेवलेला असे आणि विजेच्या अल्प प्रवाहाने तो क्षणात जळून जाई. धूर नाही, ठिणगी नाही, स्फोट नाही. हे तत्त्व बूतां व शोफूर यांच्या पहिल्या फसलेल्या भांड्याचेच होते, हे येथे ध्यानात घ्यावे. जाड फितीच्या जागी पातळ वर्ख आला, त्यामुळे ज्वलन जलद व एकसारखे झाले. समुद्रात सोडून द्यावी लागलेली कल्पना छत्तीस वर्षांनंतर वृत्तपत्र-छायाचित्रकारांच्या गरजेतून जमिनीवर यशस्वी झाली आणि नंतर समुद्रात परतली.

याच काळात माणसाच्या श्वासाचा प्रश्नही सुटत होता. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जॅक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी स्वयंचलित हवा नियंत्रक असलेले पाणबुड्यांचे साधन सिद्ध केले. वरून हवा पुरविणारी नळी गेली आणि पाणबुड्या आपली हवा पाठीवर घेऊन मोकळेपणी पोहू लागला. फ्लॅश बल्बही आपला प्राणवायू स्वतःबरोबर बाळगणारा होता. माणूस आणि दिवा यांची सुटका अशी जवळजवळ एकाच सुमारास झाली. १९५० च्या दशकातील पाण्याखालील रंगीत छायाचित्रणाची भरभराट या दुहेरी सुटकेवर उभी आहे.

बल्बच्या वापरात अडचणी होत्याच. एक बल्ब एकदाच जळे, म्हणून जाळीच्या पिशवीत बल्ब भरून न्यावे लागत. ते हलके असल्याने पिशवी सतत वर ओढ घेई. जळालेला बल्ब काढून नवा बसविण्याचे काम गार पाण्यात बधिर झालेल्या बोटांनी करावे लागे. फार खोल गेल्यास पाण्याच्या दाबाने काच आतल्या बाजूस फुटे. तरीही जे साध्य झाले ते मोठे होते. चाळीस-पन्नास मीटर खोलीवर, जेथे सगळा परिसर निळ्या-करड्या छटांत बुडालेला असतो, तेथे बल्बच्या प्रकाशात लालभडक व केशरी रंगांचे स्पंज आणि प्रवाळ प्रकट झाले. ज्या पाणबुड्यांनी ती जागा अनेकदा पाहिली होती त्यांनाही हे रंग छायाचित्र धुऊन आल्यावरच कळले.

ज्वलनाविना प्रकाश : एजर्टन आणि खोल समुद्र

दिव्याला हवा पुरविण्याचे हे सर्व उपाय ज्या प्रश्नावर होते, तो प्रश्नच अखेर हॅरॉल्ड एजर्टन यांच्या कार्यामुळे निकालात निघाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील या विद्युत अभियंत्यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी विद्युत फ्लॅशचा विकास केला. धारित्रात साठविलेली वीज वायूने भरलेल्या काचनळीतून एकदम सोडली की डोळे दिपविणारा प्रकाश पडतो. तो सेकंदाच्या अतिशय लहान अंशापुरता टिकतो. येथे काहीच जळत नाही, म्हणून प्राणवायूही लागत नाही. तीच नळी पुन्हा पुन्हा वापरता येते. दुसऱ्या महायुद्धात याच तत्त्वावर विमानातून रात्री भूप्रदेशाची छायाचित्रे घेण्यात आली आणि १९४४ च्या नॉर्मंडीतील स्वारीच्या वेळी त्यांचा उपयोग झाला. समुद्रविज्ञानाला लाभलेले हे साधन युद्धाच्या गरजांतून तावूनसुलाखून निघालेले होते.

१९५३ पासून एजर्टन कुस्तो यांच्या कॅलिप्सो जहाजावर काम करू लागले. तेथील खलाशांनी त्यांचे नाव ‘पापा फ्लॅश’ असे ठेवले. माणूस पोहोचू शकत नाही अशा खोलीवर कॅमेरा व फ्लॅश दोरखंडाने सोडून चित्रे घेणे, हा त्यांचा उद्देश होता. तेथे एक नवी अडचण उभी राहिली. कॅमेरा तळापासून किती उंचीवर आहे हे जहाजावरून कळत नसे. तो फार वर राहिला तर चित्रात नुसते काळे पाणी येई आणि तळावर आदळला तर चिखल. एजर्टन यांनी कॅमेऱ्याच्या सांगाड्याला ठराविक वेळाने ध्वनी सोडणारे यंत्र जोडले. थेट आलेला ध्वनी आणि तळावरून परावर्तित झालेला ध्वनी यांतील अंतरावरून उंची काढता येऊ लागली. १९५६ मध्ये अटलांटिक महासागराच्या विषुववृत्तीय भागातील रोमांश गर्तेत सुमारे ७,५०० मीटर खोलीवर त्यांच्या कॅमेऱ्याने चित्रे घेतली.

बूतां यांच्या आर्क दिव्याने गाठलेल्या खोलीपेक्षा ही खोली दीडशेपट अधिक होती. ज्या तळावर सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही, तेथील दृश्य पहिल्यांदा फ्लॅशच्याच प्रकाशात दिसले. म्हणजे या चित्रांच्या बाबतीत ‘नैसर्गिक’ प्रकाशातील रूप असे काही अस्तित्वातच नव्हते.

फ्लॅश आणि सत्याचा प्रश्न

येथे इतिहासाच्या अभ्यासकाला एका प्रश्नाला सामोरे जावे लागते. फ्लॅशने दाखविलेला रंग खरा मानावा काय? कुस्तो यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या ग्रंथात एक अनुभव नोंदविला आहे. खोल पाण्यात भाला लागलेल्या माशाचे रक्त पाणबुड्यांना हिरवे दिसले. पृष्ठभागाकडे येता येता त्याचा रंग पालटत गेला आणि वर आल्यावर ते लाल झाले. त्या खोलीवर फ्लॅश लावला असता तर ते तेथेच लाल दिसले असते. दोन्ही निरीक्षणे आपापल्या परीने यथार्थ आहेत. एक त्या ठिकाणच्या प्रकाशाविषयी सांगते, तर दुसरे रक्ताच्या द्रव्याविषयी.

लाँग्ली यांच्या अभ्यासविषयाच्या संदर्भात ही बाब अधिक महत्त्वाची ठरते. मासा आपल्या परिसरात मिसळून जातो की उठून दिसतो, हे ठरवायचे असेल तर त्या खोलीवरील प्रकाशातच त्याला पाहिले पाहिजे. खोल पाण्यातील तांबडा मासा तेथे काळपट दिसतो आणि त्यामुळेच तो लपतो. फ्लॅशच्या चित्रात तोच मासा झगझगीत दिसतो. असे चित्र पाहून माशाचा रंग लक्ष वेधण्यासाठी असतो, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चुकीचा ठरेल. उलट, त्या माशाची जात ओळखायची असेल तर फ्लॅशचेच चित्र विश्वसनीय होय. पुराव्याची ग्राह्यता अशा प्रकारे विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून असते.

दुसरी मर्यादा अंतराची आहे. प्रकाशाच्या दुहेरी प्रवासामुळे फ्लॅश फार लांबवर रंग दाखवू शकत नाही. परिणामी रंगीत चित्रे जवळच्या वस्तूंची आणि त्यामागे काळी वा गडद निळी पार्श्वभूमी, अशी एक शैली रूढ झाली. मासिके व पुस्तके यांतून वाचकांच्या मनात समुद्राची जी प्रतिमा ठसली, ती या तांत्रिक मर्यादेतून घडलेली आहे. समुद्र रंगांनी नटलेला आहे हे त्या चित्रांनी दाखविले, पण त्याची विस्तीर्ण, निळसर एकरंगी बाजू वाचकांच्या नजरेआड राहिली.

हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. समुद्राचे तापमान वाढल्यास प्रवाळ आपल्या पेशींतील शैवाल गमावतात आणि पांढरे पडतात. १९९८ मध्ये जगातील अनेक समुद्रांत ही आपत्ती ओढवली. अशा वेळी प्रवाळ किती फिकट झाला याची नोंद छायाचित्रावरून करावयाची असेल, तर दिव्याचा जोर आणि अंतर यांमुळे पडणारा फरक प्रवाळाच्या माथी मारला जाण्याची भीती असते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात २००२ साली तयार झालेल्या प्रवाळाच्या रंगतक्त्यामागे हाच विचार दिसतो. तक्ता प्रवाळाशेजारी धरला की दोघांवर एकच प्रकाश पडतो आणि तुलना शक्य होते.

भारतीय संदर्भ

भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या दृष्टीने या इतिहासाला प्रत्यक्ष महत्त्व आहे. गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १९६६ मध्ये झाली. या संस्थेच्या संशोधकांनी २६ जानेवारी १९८१ रोजी गवेषणी या जहाजावरून समुद्रतळावरील बहुधात्विक गाठी प्रथम वर काढल्या. पुढे मध्य हिंदी महासागरातील सुमारे पाच हजार मीटर खोल तळावर या गाठी किती दाट पसरल्या आहेत, याचा अंदाज घेण्यासाठी तळाच्या छायाचित्रांचा उपयोग करण्यात आला. ही चित्रे एजर्टन यांनी घालून दिलेल्या मार्गावरील आहेत.

महाराष्ट्रात १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. किनाऱ्यालगतच्या पाण्यात नद्यांचा गाळ येतो व पावसाळ्यात ते गढूळ होते. तेथे फ्लॅश भिंगापासून दूर, बाजूला धरण्याचे पथ्य पाळले नाही तर चित्रात गाळाचे कणच दिसतात. याउलट विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर असलेल्या, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवरील प्रवाळ सुमारे वीस मीटर आणि त्याहून अधिक खोलीवर आहेत. तेथे पाणी स्वच्छ असले तरी तांबडा रंग पोहोचत नाही. म्हणून त्या प्रवाळांच्या खऱ्या रंगांची नोंद कृत्रिम प्रकाशावाचून होऊ शकत नाही. एकाच किनाऱ्यावरील या दोन ठिकाणी फ्लॅशच्या दोन निरनिराळ्या अडचणी समोर येतात.

निष्कर्ष

१) पाण्याखालील फ्लॅशचा विकास हा मुख्यतः प्रकाशाला हवेच्या बंधनातून मुक्त करण्याचा इतिहास आहे. पिंपातील हवा, तराफ्यावरील मोकळी हवा, बल्बमधील कोंडलेला प्राणवायू आणि अखेर ज्वलनरहित विद्युत प्रकाश, हे त्याचे चार टप्पे होत.

२) या टप्प्यांतून समुद्राच्या चित्राला अनुक्रमे क्षण, रंग व खोली यांची जोड मिळत गेली. प्रत्येक लाभाबरोबर एक मर्यादाही आली आणि तीच पुढील प्रयत्नाची प्रेरणा ठरली.

३) फसलेला प्रयोग निरर्थक नसतो, हे बूतां व शोफूर यांच्या काचेच्या भांड्यावरून दिसून येते. कल्पना योग्य असूनही तिला अनुरूप द्रव्य उपलब्ध नसेल तर ती काही काळ मागे पडते. फितीऐवजी वर्ख मिळताच ती व्यवहारात आली.

४) हे कार्य एकट्या शास्त्रज्ञाचे नाही. अभियंते, छायाचित्र-तंत्रज्ञ आणि खलाशी यांच्या सहकार्याविना यांतील एकही टप्पा पूर्ण झाला नसता. विज्ञानाच्या इतिहासलेखनात त्यांची नोंद घेणे आवश्यक आहे.

५) फ्लॅशचे छायाचित्र वस्तूच्या अंगभूत रंगाचा पुरावा देते, त्या स्थळी दिसणाऱ्या रूपाचा देत नाही. म्हणून ज्या महाविद्यालयांत व संस्थांत सागरी जीवनाचा अभ्यास छायाचित्रांच्या आधारे होतो, तेथे प्रत्येक चित्रासोबत खोली, अंतर व प्रकाशाचे साधन यांची नोंद ठेवणे इष्ट ठरेल. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पिंपाच्या हंडीत लखलखलेल्या प्रकाशाने जे दाखविले, ते कोणत्या प्रकाशात दिसले हे सांगितल्यावाचून पुरावा पूर्ण होत नाही.